पाहुणे, पकड आणि हूल

साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी कबड्डीचा सामना समीक्षकाच्या नजरेने पाहावा, असे आम्हांला अलीकडे फार वाटू लागले आहे. या खेळात ज्याला चढाई, म्हणजे आक्रमण, म्हणतात ते करणारा गडी एकटा असतो. आणि ज्यांना बचाव करणारे म्हणतात ते सात असतात. एकटा परक्या अंगणात शिरतो, शिरल्यापासून परतेपर्यंत एका दमात एकच शब्द उच्चारत राहतो, आणि त्याच वेळी समोरच्या सात देहांचा अर्थ लावत राहतो. त्या सातांवर बोलण्याची सक्ती नसते. उलट, मनातले काहीच कळू न देणे हेच त्यांचे मुख्य शस्त्र असते. एकाने सतत बोलायचे आणि इतरांनी त्याला नुसते न्याहाळत थांबायचे, ही रचना आपल्याला अनोळखी नाही. तोंडी परीक्षा अशीच असते, नोकरीची मुलाखत अशीच असते, आणि आमच्या भागात मुलगी पाहण्याचा कार्यक्रमही पुष्कळसा असाच असतो.

आम्ही दोघी मराठी शिकवतो. एक नांदेडला, एक लातूरला. खेळाशी आमचा संबंध योगायोगाचा. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एखादी प्राध्यापिका हवी, अशी महाविद्यालयांची रीत आहे आणि मराठी विभागाला वेळच वेळ असतो असा सार्वत्रिक समज आहे. त्यामुळे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना आम्ही अनेक हिवाळे हजेरी लावली. फक्कीने आखलेल्या रेषा, कडेला ठेवलेल्या पाण्याच्या घागरी, गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्या आणि तीस सेकंदांच्या चढाया पाहता पाहता आम्हांला एक प्रश्न छळू लागला. बचाव करणाऱ्यांनी आपला हल्ला झाकून ठेवला असेल, तर चढाई करणारीने त्याला उत्तर कसे द्यावे?

हा प्रश्न केवळ आपल्या मातीतला नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये त्याच्यावर मोठे शास्त्रच उभे राहिले आहे. तिथे चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती असतो, म्हणजे चाल त्याच्या संघाची असते. बचाव करणाऱ्या संघातले सामान्यतः चारजण त्याच्या अंगावर धावून जातात. पाच किंवा अधिक धावले तर त्याला 'ब्लिट्झ' म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ वीज. पण ही वीज कडाडून येत नाही. धावणारा आधी आपण मागे हटणार असे दाखवतो, आणि पुढे उभा राहिलेला ऐन वेळी मागे सरकतो. डिक लेबो या प्रशिक्षकाने १९८०च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्सकडे असताना हे तंत्र विशेष विकसित केले. सहाजण येणार असे भासवायचे, प्रत्यक्षात चारच पाठवायचे, पण ते चार अशा जागांवरून की तिथे त्यांची वाट कोणीच पाहत नसते.

याला तिथे जी उत्तरे शोधली गेली ती सूत्ररूपाने सांगता येतात. पहिले, समोरच्याला आपले गुपित आधीच उघडे करायला लावायचे. त्यासाठी चाल सुरू होण्यापूर्वी आपला एक खेळाडू आडवा चालवायचा आणि त्याच्याबरोबर कोण सरकते ते पाहायचे. किंवा क्वार्टरबॅकने आवाजाचा ताल असा बदलायचा की उतावळा गडी हललाच पाहिजे. दुसरे, जो धावून येतो तो आपली जागा सोडून येतो. म्हणून चेंडू त्या सुटलेल्या जागेत चटकन टाकायचा. तिसरे, दिसते त्यावर शेवटचा निर्णय बांधायचा नाही. चाल सुरू झाल्यानंतरही बदलता येईल एवढी मोकळीक हाताशी ठेवायची. चौथे आणि सर्वांत अवघड, फार मोठे काही मिळवण्याचा हट्ट अशा वेळी सोडायचा. चार पावले मिळाली तर चार घ्यायची.

आता कबड्डीकडे येऊ. सातजणी हातात हात गुंफून उभ्या राहतात. दोन टोकांना कोपरे, त्यांना लागून आतल्या, मग मध्यरक्षक आणि मधोमध एक. या साखळ्या दिसतात तशा नसतात. डावा कोपरा मान वळवून जणू दुसरीकडेच पाहत असतो, पण घोटा धरणार तोच. मध्यरक्षक दोन पावले मागे हटते, त्यामुळे चढाई करणारीला वाटते की रान मोकळे आहे. ती आत खेचली जाते, निदान रेषा ओलांडते, आणि परत फिरण्यासाठी तिने खांदा वळवला की मागे हटलेलीच धडक मारते. कधी एखादी आपला हात मुद्दाम पुढे सोडून ठेवते. तो हात म्हणजे आमिष असते. त्याला स्पर्श करायला जो वाकतो त्याची कंबर दुसऱ्या साखळीच्या ताब्यात जाते. हल्ला जिथून दिसतो तिथून येत नाही, हे इथलेही पहिले सूत्र.

आमच्या एका विद्यार्थिनीने हे सारे आम्हांला उकलून सांगितले. तिची ओळख पटेल असे काही आम्ही लिहीत नाही. कंधारकडच्या एका वाडीची, कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी, एवढे पुरे. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती आणि संघाची पहिली चढाई तिचीच असे. एकदा परतीच्या एसटीत आम्ही तिला विचारले, इतक्या जणींमधली कोण येणार हे तुला कळते कसे? ती म्हणाली, "पाय बघायचे, मॅडम. डोळे खोटं बोलतेत. हात तर लईच खोटं बोलतेत. पण जिला यायचंय तिची टाच आधी उचलती."

मग थोड्या वेळाने स्वतःच तिने दुरुस्ती केली. मुरलेल्या खेळाडू पायानेही खोटे बोलतात. त्यांच्यापुढे नुसते निरीक्षण चालत नाही. तिथे हूल द्यावी लागते. "मी अर्धीच जाते, पण पूर्ण गेल्यासारखी. मग कोण हललं ते कळतं." 'हूल' या शब्दाची अशी स्वच्छ व्याख्या आम्हांला कोशात मिळाली नव्हती. हूल म्हणजे नुसती फसवणूक नव्हे. समोरच्याच्या मौनाला विचारलेला तो प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर शरीराने दिले जाते.

तिचे बाकीचे नियमही थोडे होते. मागचा पाय कायम मध्यरेषेच्या दिशेने ठेवायचा. परतीची वाट पाठीमागे राहील असे उभे राहायचे नाही. जी धडक मारायला निघाली, तिनेच आपली जागा सोडलेली असते. म्हणून निसटायचे ते तिच्याच बाजूने, आणि जाता जाता गुण मिळाला तर तोही तिच्याच अंगाचा. समोर सहा किंवा सात जणी असतील तर बोनस रेषेवर नजर ठेवायची. एक पाय हवेत ठेवून दुसरा रेषेपलीकडे टेकवता आला तर कोणालाही न शिवता गुण मिळतो. पुष्कळांना तो भित्रेपणा वाटतो. तिच्या मते तो हिशेब होता, कारण एक बोनस गेला की पुढच्या वेळी कोपरा चिडून लवकर उठतो आणि त्याचा सगळा पवित्रा उघडा पडतो. आणि कधी कधी काहीच न घेता परत यायचे. रिकामी चढाई हाही निर्णय असतो. मात्र व्यावसायिक लीगमध्ये दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची होते, हे तिला पक्के ठाऊक होते.

शहाणपणाची ही देवघेव फार दूरवर चालते. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांना अंतिम सामन्यात इराणने २७-२४ असे हरवले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मैदानांवरचे ज्ञान तेहरानमार्गे आपल्याच समोर येऊन उभे राहिले, याची तेव्हा अनेकांना चुटपुट लागली होती. आम्हांला मात्र त्यात समाधानही वाटले. मराठी बाईने घडवलेल्या साखळीचा अर्थ भारतीय संघाला लावावा लागला, हे मराठीच्या प्राध्यापिकांना आवडणारच.

असो. आम्ही वर्गात ध्वनी आणि व्यंजना शिकवतो तेव्हा उदाहरणे शृंगाराची देतो. सूर्य मावळला एवढेच वाक्य ऐकणाऱ्यागणिक कसा वेगळा अर्थ देते, हे सांगताना परंपरेने तीच वाट पडली आहे. आता आम्ही वारणावताचे उदाहरण देतो. महाभारताच्या आदिपर्वात पांडवांना वारणावताला पाठवले जाते ते उत्सवाच्या निमित्ताने. पुरोचनाने बांधलेले घर हे आदरातिथ्याच्या रूपातले संकट आहे. विदुर युधिष्ठिराला सावध करतो तो सर्वांसमक्ष, पण इतरांना न उमगणाऱ्या भाषेत. इथे दाबही झाकलेला आहे आणि इशाराही झाकलेला आहे. त्यानंतर पांडव जे करतात ते कबड्डीच्या खेळाडूला शोभणारे आहे. आपल्याला कळले आहे हे ते कळू देत नाहीत. नकार देऊन परत फिरत नाहीत. सुमारे वर्षभर त्याच घरात राहतात, आणि विदुराने पाठवलेल्या खनकाकडून भुयार खणून घेतात. मागचा पाय मध्यरेषेकडे, असे आमची विद्यार्थिनी म्हणाली असती. म्हणालीच ती, कारण हा तास तिने ऐकला होता.

त्याच वर्षी माघात एका गुरुवारी तिला घरून फोन आला. आजीची तब्येत बरी नाही, शनिवारी ये. एवढेच. पण फोन ठेवता ठेवता माय म्हणाली, तो पिवळा ड्रेस घेऊन ये. आजारी आजीला भेटायला पिवळा ड्रेस कशाला, हा प्रश्न कोणत्याही चांगल्या वाचकाला पडावा. टाच उचलली गेली होती. तिने हूल दिली. "आजीला कोणत्या दवाखान्यात ठेवलंय? मी तशीच परस्पर तिकडं येते." पलीकडे माय अडखळली, आणि मग म्हणाली, "नको, घरीच ये. पाहुणे यायलेत, नुसतं चहाला."

आमच्या भागात ज्यांनी मुली शिकवल्या आहेत त्यांना 'नुसतं चहाला' या दोन शब्दांचे वजन सांगायला नको. चहा असतो, पोहे असतात, आणि तीन अनोळखी पुरुष व दोन बायका अगदी साधे प्रश्न विचारतात. पुढं शिकायचंय का? या प्रश्नाला होय म्हटले तर मुलगी हट्टी ठरते. नाही म्हटले तर तारीखच काढली जाते. प्रश्न चौकशीच्या वेषात येतो, पकड त्याच्या मागे उभी असते.

इथे आम्हांला एक सावधगिरी नोंदवली पाहिजे. रूपके वाहवत नेतात. घर म्हणजे प्रतिस्पर्धी संघ नव्हे, आणि बाप म्हणजे कोपऱ्यात दबा धरून बसलेला गडी नव्हे. त्याच्यावरही चारी बाजूंनी दाब असतो. सोयाबीनचा भाव, सावकाराचे व्याज, भावकीतले टोमणे, धाकट्या मुलीचे वाढते वय. आणि तो दाबही 'काळजी'च्या वेषात येतो. मुलीला फसवून बोलावणारी माय स्वतः कधीतरी अशीच फसवून बोलावली गेलेली असते. कबड्डीत सामना संपल्यावर दोन्ही संघ हात मिळवून आपापल्या गावी जातात. इथे सामना संपतही नाही आणि गावही तेच राहते. म्हणून मैदानावरचे डावपेच घरात जसेच्या तसे नेता येत नाहीत. त्यातला संयम तेवढा नेता येतो.

ती गेली. जाण्यापूर्वी मामाला फोन करून ठेवला होता, कारण घरात त्याचा शब्द चालतो. पिशवीत पिवळा ड्रेस होता आणि त्याच्याखाली परीक्षेचे वेळापत्रक, खेळाची प्रमाणपत्रे, शासकीय भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असल्याचे सांगणारे कात्रण. पुढं शिकायचंय का, असे विचारल्यावर ती शिक्षणाविषयी किंवा लग्नाविषयी बोललीच नाही. पाहुण्यांसमोर वडिलांना म्हणाली, "अण्णा, परीक्षा दोन महिन्यांवर आली. एम.ए.चं एक वर्ष झालं की तुम्ही म्हणाल तसं." होकार नाही, नकार नाही, फक्त एक वर्ष. कोणालाही न शिवता घेतलेला तो बोनस होता. मामाने मान डोलावली. पाहुणे समजुतीचे निघाले; निदान तसे दिसले.

ही गोष्ट इथे संपली असती तर आम्ही ती हुशारीचा नमुना म्हणून सांगितली असती. पण लाक्षागृहाच्या कथेत एक भाग असा आहे की तो आपण कथेकऱ्याबरोबर घाईने ओलांडतो. त्या रात्री घरात एक निषादी आणि तिचे पाच मुलगे झोपलेले होते. पांडव भुयारातून निसटले, आग लागली, आणि राखेत सापडलेले सहा देह पांडवांचे व कुंतीचे म्हणून ओळखले गेले. सुटका चोख झाली. किंमत दुसऱ्याने मोजली. महाश्वेतादेवींनी आपल्या एका बंगाली कथेत म्हाताऱ्या कुंतीला अरण्यात एका निषादीसमोर उभे केले आहे. ती कथा आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले गप्प होतात.

महिनाभराने त्याच पाहुण्यांचा निरोप आला. थोरलीचं शिक्षण चालू द्या, आम्हांला धाकटी चालेल. धाकटी बारावीत होती. वय सतरा.

चढाईपटू सुखरूप परत आली तरी पुढची चढाई कुणाला तरी करावीच लागते. फक्त धाकटीला खेळ शिकवलेला नव्हता. आमची विद्यार्थिनी विभागात येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, माझ्या जागी ती जळायची."

दाब झाकलेला असेल तेव्हा झाकलेलेच उत्तर चालते, हे आम्ही वर सांगितले. पण एक वेळ अशी येते की हूल पुरत नाही. समोरच्यांनी काय चालवले आहे ते मोठ्याने म्हणावे लागते. यावेळी तिने पिवळा ड्रेस नेला नाही. चहाच्या कपांशेजारी धाकटीच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स ठेवली आणि जन्मतारीख वाचून दाखवली. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणे २००६च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तिने आवाज न चढवता सांगितले. १०९८ या क्रमांकाचा उल्लेख तिने केला नाही. पण तो तिला माहीत आहे, हे सर्वांना कळले. पाहुण्यांनी चहा पूर्ण केला आणि ते उठले.

या चढाईत ती सुखरूप परतली असे मात्र म्हणता येत नाही. वडील तिच्याशी सहा महिने बोलले नाहीत. गावात तिला 'कायदेवाली' म्हणू लागले. एम.ए.चे शुल्क मामाने भरले, आणि त्यावरून मामा आणि वडिलांत जे आले ते अजून गेलेले नाही. कबड्डीचे नियमपुस्तक याला काय म्हणेल आम्हांला ठरवता येत नाही. पाहुणे उठले, ती टिकली, पण तिच्याच अंगणातल्या रेषा पुसल्या गेल्या.

वाचन शिकवून काय होते, असे आम्हांला पालक विचारतात, संस्थाचालक विचारतात, आणि अलीकडे विद्यार्थीही विचारू लागले आहेत. मराठी घेऊन नोकरी मिळत नाही हे आम्ही कबूल करतो. पण जे शब्दांत आहे आणि जे शब्दांमागे आहे त्यांतले अंतर ओळखणे, वाक्याची टाच कुठे उचलली गेली ते पाहणे, शंका आली तर प्रश्न विचारून खात्री करून घेणे, आणि आपण लावलेल्या अर्थाची झळ कोणाला बसेल याचा आधी विचार करणे, एवढे जर तीन वर्षांत साधले तर ते कमी नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टी चांगला चढाईपटूही शिकवतो. चौथीसाठी निषादीची कथा लागते.

ती सध्या पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे नांदेडच्या मैदानावर आठशे मीटर धावते, गोळा फेकते आणि मग ग्रंथालयात येऊन बसते. धाकटीने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. तिला कबड्डीची मुळीच आवड नाही. तिला गणित आवडते. गेल्या दिवाळीत वडिलांनी थोरलीला फोन केला. आजीची तब्येत बरी नाही, म्हणाले. तिने दवाखान्याचे नाव विचारले. यावेळी त्यांनी दवाखान्याचे नाव सांगितले, वॉर्डही सांगितला. ती तडक निघाली.